लहान मुलांचं लक्ष आणि आठवण : दोन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत घरी काय करायचं, पायरी पायरीने

बालवाडीत मुलाला सोडायला येणारे बरेच पालक पहिल्याच आठवड्यात दारात थांबून सांगतात, "ताई, याचं कशात लक्षच नसतं हो, दोन मिनिटं एका जागी बसत नाही आणि सांगितलेलं लगेच विसरतो." मागच्या जूनमध्ये एका आईने साडेतीन वर्षांच्या मुलाबद्दल अगदी हेच सांगितलं. त्याच दिवशी डबा खाऊन झाल्यावर तो मुलगा बाहेरच्या पायरीवर उकिडवा बसला होता, मुंग्या भाताचं एक शीत ओढत नेत होत्या ते बघत. मी घड्याळ बघितलं, अठरा मिनिटं झाली तरी तो हलला नव्हता. शीत भिंतीच्या फटीपाशी अडकलं तेव्हा त्याने बोटाने ढकलायला हात पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला. नंतर आई न्यायला आली तर दप्तर तसंच टाकून तिचा हात ओढत थेट त्या फटीपाशी घेऊन गेला. म्हणजे लक्षही होतं आणि आठवणही होती, फक्त आपण ज्याच्यावर मागतो त्याच्यावर नव्हती.

हा लेख त्याबद्दलच आहे. मुलाचं लक्ष "वाढवायचं" म्हणजे त्याला जास्त वेळ बसवून ठेवायचं असं आपल्याला वाटतं, पण या वयात ते उलट चालतं, आधी मूल कशात रमतं ते बघायचं आणि तिथून हळूहळू आपल्याला हव्या त्या गोष्टीकडे यायचं. खाली ज्या पायऱ्या दिल्यात त्या मी अकरा वर्षं मुलांसोबत वापरतेय, त्यातल्या बऱ्याचशा मागे चांगलं संशोधनही आहे, ते जिथल्या तिथे सांगते.

आधी थोडं समजून घेऊ, मग पायऱ्या

लक्ष दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे आपोआप वेधलं जाणारं, कुकरची शिट्टी झाली की मान वळते, टीव्हीवर चित्र बदललं की डोळे तिकडे जातात. हे बाळाला जन्मापासून असतं. दुसरं म्हणजे आपणहून लावायचं आणि टिकवायचं लक्ष, म्हणजे समोर कंटाळवाणं काम असताना आणि शेजारी मजा चालू असतानाही कामावर राहणं. याच्यासाठी कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तयार व्हावा लागतो आणि तो सगळ्यात सावकाश तयार होतो, पंचविशीपर्यंत त्याचं काम चालूच असतं. त्यामुळे कार्टून बघताना तासभर बसतो आणि चित्र रंगवताना बसत नाही म्हणजे मुद्दाम करतो, असं समजू नका. कार्टूनला पहिल्या प्रकारचं लक्ष लागतं, रंगवायला दुसऱ्या.

आठवणीचंही तसंच. बाळांना आठवत नाही असं पूर्वी मानायचे. कॅरोलिन रोवी-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पाळण्यावर टांगलेलं खेळणं रिबिनीने बाळाच्या पायाला बांधलं, पाय झाडला की खेळणं हलायचं. तीन महिन्यांच्या बाळांना ही गंमत साधारण आठवडाभर लक्षात राहायची आणि सहा महिन्यांच्यांना दोन आठवडे. पण मोठेपणी आपल्याला आठवतं ते मात्र साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या पुढचं, कारण घडलेल्या गोष्टीची "गोष्ट" करून सांगता येणं हे भाषेबरोबर आणि मोठ्यांशी बोलण्याबरोबर येतं. हे ध्यानात ठेवा, चौथ्या पायरीत लागणार आहे.

तिसरी गोष्ट वर्किंग मेमरी. मी पालकांना तिला "मनातली पाटी" म्हणून सांगते. आत्ता, या क्षणाला डोक्यात किती गोष्टी धरून ठेवता येतात तेवढी ती पाटी. एकामागून एक आकडे सांगून परत म्हणायला लावले तर अडीच वर्षांचं मूल साधारण २ आकडे म्हणतं, ५ वर्षांचं ४, ७ वर्षांचं ५ आणि मोठा माणूस ७ च्या आसपास. एवढीशी पाटी असते बिचाऱ्यांची, आणि आपण सकाळी त्यावर अख्खी यादी लिहायला जातो.

पायरी १ : एक आठवडा फक्त बघा, आणि वहीत लिहा

काहीही बदलायच्या आधी एक साधी वही घ्या. रोज दोन-तीन ओळीच लिहायच्या. मूल आपणहून कशात रमलं, किती वेळ, तेव्हा किती वाजले होते, झोप-खाणं झालेलं होतं का, आजूबाजूला कसला आवाज होता, आणि रमलेलं कशामुळे मोडलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण बऱ्याचदा उत्तर "मी हाक मारली" असं निघतं.

व्हॉट्सअॅपवर एक हिशोब फिरतो, वयाला अमुक मिनिटांनी गुणा म्हणजे मुलाचं लक्ष किती टिकायला हवं ते कळतं. त्याच्या मागे लागू नका. एकच मूल कणकेच्या गोळ्याशी वीस मिनिटं बसतं आणि वर्कशीटवर दोन, मग कुठला आकडा खरा धरायचा. तुमच्या मुलाचा कालचा दिवस आणि आजचा दिवस, एवढीच तुलना कामाची.

पायरी २ : खोलीतला गोंधळ कमी करा

पहिलं काम, कोणी बघत नसेल तर टीव्ही बंद. बातम्या नाहीतर सिरियल मागे चालू असते आणि आपण म्हणतो मूल कुठे बघतंय, ते तर खेळतंय. अमेरिकेत २००८ साली एक ते तीन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं, मोठ्यांचा कार्यक्रम मागे चालू ठेवला. मुलं पडद्याकडे अधूनमधून काही सेकंदच बघत होती, पण त्यांचा एकेक खेळ छोटा छोटा तुटत गेला. त्या नुसत्या मान वळवण्याने मनातली पाटी पुसली जाते आणि खेळ परत पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

दुसरं, खेळणी कमी करा. लहानग्यांना एकदा ४ खेळणी देऊन आणि एकदा १६ देऊन पाहिलं तर चार असताना ती प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. घरातली खेळणी तीन पिशव्यांत वाटा, एक बाहेर आणि दोन माळ्यावर, पंधरा दिवसांनी बदला. जुनी पिशवी उघडल्यावर मुलं नवीन खेळण्यासारखी तुटून पडतात, त्यामुळे पैसेही वाचतात. आणि खेळणं म्हणजे दुकानातलंच लागतं असं नाही, वाटाणे सोलायला द्या, लसणाच्या पाकळ्या, डाळीतून राजमा वेगळा करायचा ताट भरून (तीनच्या आतल्यांना हे दाणे-बिणे देऊ नका, नाकात-घशात जातात, आणि मोठ्यांनाही समोर बसूनच). माझ्या वर्गात सगळ्यात शांतता असते ती शेंगा सोलायच्या दिवशी.

पायरी ३ : सांगायची पद्धत बदला

स्वयंपाकघरातून ओरडून "चपला काढ, हातपाय धू, डबा ओट्यावर ठेव आणि कपडे बदल" हे चार वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे पाटीवर मावेल त्याच्या दुप्पट लिहिणं. पहिलं आणि शेवटचं राहतं, मधलं गळतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. त्यापेक्षा असं करा. जवळ जा, खाली बसा, नावाने हाक मारा आणि त्याने बघेपर्यंत थांबा. एका वेळी थोडंच सांगा, तीनच्या आतल्याला एक गोष्ट, चार-पाचच्याला दोन. मग विचारा, "काय करायचंय आपल्याला?" त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं की ते जास्त टिकतं. आणि मग पाच सेकंद गप्प बसा, हे सगळ्यात अवघड आहे, आपण लगेच परत सांगायला जातो आणि त्याने विचार करायला घेतला असतो तो तुटतो.

"पळू नको" पेक्षा "हळू चाल" म्हणा. नको म्हटल्यावर मुलाला आधी पळणं डोक्यात आणून मग ते थांबवावं लागतं, लहान मुलांना ते थांबवणंच जड जातं.

इथे एक प्रयोग सांगते, मला स्वतःला त्याने मुलांकडे बघायची नजर दिली. फिलिप झेलाझो या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना चित्रांचे पत्ते दिले, समजा लाल-निळे ससे आणि होड्या. आधी रंगाप्रमाणे लावा, मुलं छान लावतात. मग सांगितलं आता रंग नाही, आकाराप्रमाणे लावा. तीन वर्षांची बहुतेक मुलं रंगानेच लावत राहतात. आणि मधेच विचारलं की बाळा आता ससे कुठे जातात, तर बोटाने बरोबर जागा दाखवतात! मग हातात पत्ता दिला की पुन्हा रंगाने. म्हणजे नियम माहीत आहे, तो सांगताही येतोय, पण हाताला जुनी सवय सोडवत नाहीये. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे जमायला लागतं. तेव्हा "कळतंय सगळं, तरी मुद्दाम करतो" हे वाक्य तीन वर्षांच्या मुलाबद्दल म्हणायच्या आधी हे पत्ते आठवा. कळणं आणि करता येणं यात या वयात खरंच अंतर असतं, ओरडून ते भरत नाही. हात धरून एकदा करून दाखवलं तर भरतं.

पायरी ४ : रोज रात्री दहा मिनिटं, दिवसाची गोष्ट

एकच पायरी करणार असाल तर ही करा.

"आज शाळेत काय केलं?" याला उत्तर "काही नाही" असंच येणार, कारण प्रश्न खूप मोठा आहे, मुलाला कुठलं टोक धरायचं ते कळत नाही. तुम्ही एक टोक हातात द्या. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला त्यांचं बोलणं सांगितलं होतं, ते साधारण असं,

"चिनू, आज तुझ्या फ्रॉकला पिवळं काहीतरी लागलं होतं."
"हळद."
"अय्या, हळद कुठून आली शाळेत?"
"ताईंनी आणली. पाण्यात टाकली."
"पाण्यात टाकली! मग पाणी कसं झालं?"
"पिवळं. मग रुमाल बुडवला. माझा रुमाल पडला."
"पडला? मग तुला कसं वाटलं?"
"रडू आलं. मग सईने दिला तिचा."

बघा, आईने एकही परीक्षेसारखा प्रश्न विचारला नाही. मुलीने जे म्हटलं ते परत म्हणून पुढे नेलं, काय-कुठे-कसं विचारलं, आणि कसं वाटलं ते विचारलं. रॉबिन फिवश आणि एलेन रीझ यांनी वर्षानुवर्षं असे आई-मुलांचे संवाद अभ्यासलेत, ज्या घरांत घडून गेलेल्या गोष्टींबद्दल असं भर घालत बोलतात तिथली मुलं पुढे स्वतःच्या आठवणी जास्त तपशिलात सांगतात. आठवण ही एकट्याने डोक्यात साठवायची वस्तू नाही, ती सांगता सांगता घट्ट होते. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांना द्या, त्यांच्याकडे वेळही असतो आणि "मग काय झालं?" विचारायची हौसही.

तीन गोष्टी सांभाळा. एक, मूल चुकीचं सांगत असेल तर लगेच दुरुस्त करू नका, "मला तर वाटलं आपण रिक्षाने गेलो होतो, तुला बस आठवतेय होय" एवढं पुरे. दोन, "शाळेत हत्ती आला होता" म्हणालं तर ते खोटं बोलणं नसतं, ऐकलेलं, स्वप्नातलं आणि घडलेलं या वयात एकमेकांत मिसळतं. तीन, आणि हे गंभीरपणे घ्या, कोणी मारलं का, कोणी त्रास दिला का असं विचारायचं असेल तेव्हा उत्तर प्रश्नात घालू नका. "त्या दादाने मारलं ना तुला?" असं चार वेळा विचारलं की लहान मूल हो म्हणतं आणि पुढे त्याला तसंच आठवायलाही लागू शकतं. "इथे लागलंय, काय झालं ते सांग" एवढंच म्हणा आणि ऐका.

पायरी ५ : खेळ

आपल्याकडचे जुने खेळ म्हणजे लक्षाचा आणि स्वतःला थांबवण्याचा उत्तम व्यायाम आहेत, वर्कबुक विकत घ्यायची गरज नाही.

"चिमणी उडऽऽ, पोपट उडऽऽ, म्हैस उडऽऽ". म्हशीला बोट उचलायचं नाही! तीन वर्षांची मुलं सगळ्यांनाच उडवतात, उडवू द्या, त्यांना आऊट करू नका. सुरुवातीला अगदी हळू घ्या, तीन पक्षी मग एक प्राणी. जमायला लागलं की वेग वाढवा. पाच वर्षांच्यांना नियम उलटा करून द्या, आता प्राण्याला उचलायचं आणि पक्ष्याला नाही, वर्गात काय धमाल होते तेव्हा. "शिवाजी म्हणतो" हाही तोच, फक्त जरा अवघड, तो चार-साडेचारच्या पुढे. "स्टॅच्यू" कुठेही, रिक्षाची वाट बघतानासुद्धा.

झाकलेल्या वस्तू : ताटलीत चमचा, कंगवा, किल्ली अशा तीन वस्तू, नीट बघू द्या, प्रत्येकाचं नाव घ्या, मग रुमाल टाका आणि एक काढून घ्या. कुठली गेली? तीन सहज जमले की चार. पत्त्यांच्या जोड्याही छान, पालथे पत्ते मांडून जोडी शोधायची, चार जोड्यांपासून सुरुवात.

दुकान-दुकान : इस्तोमिना नावाच्या रशियन संशोधिकेने १९४८ साली दाखवलं होतं की वस्तूंची नुसती यादी पाठ करायला सांगितली त्यापेक्षा दुकानातून आणायच्या खेळात मुलांना जास्त वस्तू लक्षात राहिल्या. नंतर १९८६ मध्ये अमेरिकेत दोघांनी तसाच प्रयोग केला तर उलटं निघालं, खेळात मुलं खेळातच रमली आणि यादी विसरली. मला दोन्ही खरं वाटतं, कारण वर्गात दोन्ही बघितलंय. खेळ फार सजवला, टोपल्या, नोटा, तराजू सगळं एकदम दिलं की यादी जाते. म्हणून साधं ठेवा, तुम्ही पलंगावर, मूल स्वयंपाकघरात "दुकानात" जाणार, "एक कांदा आणि दोन टोमॅटो आण". येईपर्यंत तोंडाने म्हणत यायचं, "कांदा, टोमॅटो, कांदा, टोमॅटो". हे पुटपुटणं आपण शिकवावं लागतं. जॉन फ्लॅवेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मुलांचे ओठ बघून तपासलं होतं, चित्रांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला तर ५ वर्षांच्या २० मुलांपैकी फक्त २ जण मनाशी नावं घोकत होती, १० वर्षांच्यांत बहुतेक सगळी. पाच वर्षांच्या मुलाला घोकायची युक्ती सुचतच नाही, दाखवली तर वापरतं, आणि दुसऱ्या दिवशी परत विसरतं. परत दाखवायची.

पायरी ६ : तीच गोष्ट परत परत

"पुन्हा तीच?" म्हणून कंटाळू नका. ससेक्स विद्यापीठात २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, नवे शब्द मात्र सगळ्यांच्या कानावर तितक्याच वेळा पडले. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते जास्त लक्षात राहिले. पुढे काय होणार ते माहीत असलं की पाटीवर नवीन शब्दाला जागा उरते. चिऊ-काऊची गोष्ट सांगताना ओळखीच्या वाक्यापाशी थांबा, मूल पूर्ण करेल. आठवड्याने मुद्दाम चूक करा, कावळ्याचं घर मेणाचं म्हणा, आणि बघा कसं उसळून सांगतं, "नाही, शेणाचं!"

पाठांतराबद्दल सगळे विचारतात. संध्याकाळी दिवा लावताना शुभंकरोती, परवचा, बडबडगीतं, सगळं जरूर म्हणा, ताल आणि रोजची वेळ यामुळे ते सहज बसतं आणि जिभेला वळण लागतं. पण पाहुण्यांसमोर उभं करून म्हणायला लावू नका, आणि शंभरपर्यंत आकडे म्हणतो म्हणजे त्याला पाच गोट्या मोजून देता येतील असंही नाही, ते वेगळं शिकवावं लागतं.

पायरी ७ : रमलेलं मूल मोडू नका

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं, तिथे त्यांनी एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्ट्या खाचांत बसवताना बघितली. काढायची, मिसळायची, परत बसवायची. बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, ती थांबली नाही, चाळीसहून जास्त वेळा केलं आणि मग आपणहून थांबली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर हेच केलं, महागड्या साधनांऐवजी चिंचोके, शंख-शिंपले, पानं-फुलं आणून. तुमच्या मुलाने एकच डबा दहा वेळा उघडला-लावला तर तो अभ्यासच आहे. "अरे वा, शाब्बास" सुद्धा तेव्हा नको, तेवढ्यानेही मान वळते. निघायचंच असेल तर आधी सांगा, "अजून दोन घसरगुंड्या आणि मग घरी". पाच मिनिटं म्हणजे काय ते त्याला कळत नाही, दोन घसरगुंड्या कळतात.

झोप, जेवण, मोबाईल

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते आणि स्क्रीन एका तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. दुपारची झोप शाळेसाठी मोडू नका. अमेरिकेत २०१३ मध्ये मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या, दुपारी झोपल्यावर त्यांना त्या नीट आठवल्या आणि जागं ठेवलं तेव्हा विसरली, रोज झोपणाऱ्या मुलांत हा फरक जास्त होता.

जेवणात लोहाकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता, आणि रक्त कमी असलेलं मूल मरगळलेलं, चिडचिडं असतं, त्याचं लक्ष कुठून टिकणार. पालेभाजी, कडधान्यं, अंडी, वर लिंबू पिळा. लोहाच्या औषधाचा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच. स्मरणशक्ती वाढवणारी सिरपं आणि डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे क्लास यांच्यावर एक रुपया घालू नका, त्याला काहीही आधार नाही.

डॉक्टरांकडे कधी

सगळ्यात आधी कान तपासा. सर्दी वरचेवर होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, नुसतं ऐकू कमी येतं, आणि घरचे म्हणतात लक्ष देत नाही. झोपेत घोरणं आणि तोंडाने श्वास घेणं हेही सांगा. वर्षाचं झालं तरी नावाला वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नाही, येत असलेले शब्द जायला लागले, किंवा खेळता खेळता काही सेकंद एकटक बघतं आणि हलवलं तरी भानावर येत नाही, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा त्रास) निदान चार वर्षांच्या आत सहसा करत नाहीत, त्यामुळे अडीच वर्षांच्या मुलाला कोणी तसा शिक्का मारला तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा, तिथून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात आणि हे सगळं मोफत असतं.

जाताना पहिल्या पायरीतली ती वही बरोबर न्या. डॉक्टरांपुढे "लक्ष देत नाही" एवढंच सांगितलं तर त्यांना त्यातून काही कळत नाही, पण मंगळवारी सकाळी कणकेशी वीस मिनिटं, बुधवारी हाक मारली तर डाव्या बाजूने वळला नाही, असं लिहिलेलं असलं की त्यांना कुठून तपासायला सुरुवात करायची ते लगेच समजतं.